ठराव झाला, पैसा कुठे आहे?

शाळेचे छप्पर गळते, मुलींना वेगळा संडास नाही. विचारायला जावे तर उत्तर ठरलेले : "ठराव झालेला आहे."

हे दुखणे जुनेच. 1923 साली सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला : सरकारी पैशाचे पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले केले, पण कागदावर! म्हणून 1926 मध्ये बोल्यांनी नेमकी नाडी धरली : जी नगरपालिका ठराव पाळणार नाही, तिचे अनुदान थांबवा. तरीही 1927 मध्ये बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

हिमायतनगर तालुक्यातल्या बंधू-भगिनींनीही पैशाचीच वाट धरावी. जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातले 20 टक्के, ग्रामपंचायतीने 15 टक्के मागासवर्गीयांसाठी खर्चायचे असतात. त्याचा हिशेब ग्रामसभेत मागता येतो.

शाळेचे म्हणाल तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक लागतात, निम्म्या महिला. शाळा विकास आराखडा हीच समिती करते आणि अनुदान त्यावर ठरते. त्यात मुलींच्या संडासाची ओळ आहे का? मजुरीला जाणाऱ्या आयांना येता यावे म्हणून सभा संध्याकाळी ठेवा, असा अर्ज आधी द्यावा, आणि पोच घ्यावी.