घड्याळ अमेरिकेत मागे, न्याहारी इथे वेळेवर

रायगडाच्या वाटेवरच्या नाते गावातले एक घर डोळ्यांपुढे आणा. मधुमेह असलेली आजी सकाळी सात वाजता इन्सुलिन टोचून घेते. तेवढ्यात न्यू जर्सीहून मुलाचा फोन येतो. तिथे आदल्या रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. चार शब्द बोलून आजी न्याहारीला बसते. नोव्हेंबरमध्ये मात्र एके दिवशी फोन येतो तो थेट आठ वाजता. आजी तोवर उपाशीच थांबलेली. दरदरून घाम, हातांना कंप, डोळ्यांपुढे अंधारी. रक्तातली साखर उतरलेली असते.

मुलाने फोन नेहमीच्याच वेळी केलेला असतो. बदललेले असते तिथले घड्याळ. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत ते मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. हाच ‘डेलाइट सेव्हिंग टाइम’. ब्रिटनमध्ये त्याला ‘समर टाइम’ म्हणतात. नावात बचत असली तरी उजेड मिनिटभरही वाढत नाही. पहाटेचा उजेड संध्याकाळच्या खात्यात जातो, इतकेच.

लंडनमध्ये जूनचा दिवस साडेसोळा तासांचा, तर डिसेंबरचा आठ तासांहून कमी. नात्यात हा फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. त्यामुळे इथे या खटाटोपाची गरज पडत नाही. अपवाद महायुद्धाचा. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारताचे घड्याळही तासभर पुढे होते. नात्यात जन्मलेले चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, ते याच काळात.

शरीराचे घड्याळ मात्र मेंदूत असते आणि ते डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर चालते. घड्याळ पुढे केले की झोप मोडते आणि जुळवून घ्यायला काही दिवस जातात. स्वीडनमधील नोंदींच्या २००८ मधील अभ्यासात त्या आठवड्यात हृदयविकाराचे झटके थोडे वाढलेले आढळले.

म्हणून परदेशातले घड्याळ बदलले, तरी इथल्या औषधाची आणि जेवणाची वेळ बदलू नये. फोन येवो न येवो, इन्सुलिननंतर डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेत खावेच. साखर उतरल्याची लक्षणे दिसली आणि रुग्ण शुद्धीत असेल, तर तीन लहान चमचे साखर पाण्यातून द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करावा.

आणि मुलांनी मार्च-नोव्हेंबरात आधीच कळवावे : “आई, उद्यापासून फोनची वेळ बदलेल. तू खाऊन घे.”