हातची राणी सोडताना

पत्त्यांच्या डावात वाईट पाने टाकून देण्यास फारसे शहाणपण लागत नाही. दुर्री आणि सत्ती हाती आली की नवशिक्याही निमूटपणे बाजूला होतो. खरी कसोटी लागते ती हाती उत्तम पाने असताना, डाव रंगात आला असताना आणि समोरच्या राशीत स्वतःचा मोठा वाटा पडलेला असताना. अशा वेळी 'आता थांबावे' असे स्वतःस सांगणे ही पोकर या खेळातील सर्वांत अवघड विद्या मानली जाते. तीन पत्तीत ज्याला 'पॅक' म्हणतात, त्यालाच पोकरमध्ये 'फोल्ड' म्हणतात. पैशाचे व्यवहार सांभाळणाऱ्या प्रत्येकाने ही विद्या समजून घ्यावी अशी आहे.

खेळाची बैठक

भारतात प्रत्यक्ष टेबलावर, कायद्याच्या चौकटीत रोख पोकर खेळला जातो तो प्रामुख्याने गोव्यात. तेथील १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ आणि १९९६ मध्ये दुरुस्त्या झाल्या. त्यातून पंचतारांकित हॉटेलांना आणि पुढे पाण्यावरील जहाजांना परवानगीचा मार्ग मोकळा झाला. पणजीला मांडवीच्या पात्रात दिव्यांनी उजळलेली जहाजे दिसतात, ती याच दुरुस्तीची फळे. महाराष्ट्राने मात्र १९७६ चा, कधीच अमलात न आलेला कॅसिनो कायदा २०२३ मध्ये रद्द केला. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ मध्ये कायद्याने बंदी आणली.

टेक्सास होल्डेम या प्रचलित प्रकारात प्रत्येकास दोन पाने झाकून मिळतात आणि पाच पाने सर्वांसाठी टेबलावर क्रमाने उघडली जातात. या सातांतून उत्तम पाच निवडायची. स्पर्धेत प्रवेशशुल्क एकदाच भरायचे असते. रोख डावात टेबलावरची प्रत्येक चकती म्हणजे खरा रुपया असतो. खेळाडू केव्हाही उठू शकतो आणि केव्हाही नवे पैसे घेऊन बसू शकतो. हे स्वातंत्र्यच पुष्कळांना महागात पडते.

पाच तासांची प्रतीक्षा

चांगली पाने सोडवत का नाहीत, याचे उत्तर गणितात आहे. हाती दोन सारखी पाने येण्याची शक्यता १७ डावांत एकदा. त्या जोडीस टेबलावरच्या पहिल्या तीन पानांत तिसरे भावंड मिळण्याची शक्यता साधारण साडेआठ वेळांत एकदा. प्रत्यक्ष टेबलावर तासाला सुमारे ३० डाव होतात असे धरले, तर अशी तिकडी जमण्यास सरासरी पाच तास लागतात. पाच तास संयमाने पाने टाकत बसलेल्या माणसास ती तिकडी आपल्या तपश्चर्येचे फळ वाटू लागते. पत्त्यांना मात्र कोणाच्या तपश्चर्येचा हिशेब ठाऊक नसतो.

एक डाव, एक हिशेब

उदाहरणादाखल एक डाव मांडू. खेळाडूच्या हाती इस्पिक आणि चौकट राणी आहे. टेबलावर बदाम राणी, बदाम दश्शी आणि किलवर सत्ती उघडली. तीन राण्यांची तिकडी जमली. चौथे पान चौकट दुर्री. प्रतिस्पर्धी सावध प्रकृतीचा, रात्रभर बेताने खेळणारा. दोन्ही वेळा त्याने केवळ मागितलेली रक्कम भरली. पाचवे पान आले बदाम तिर्री. राशीत ३०,००० रुपये जमले आहेत आणि आता तोच सावध गृहस्थ प्रथमच पुढाकार घेऊन २०,००० लावतो.

या टेबलावर राण्यांच्या तिकडीस हरवणारी एकच गोष्ट शक्य आहे: पाचही बदामांचा 'फ्लश'. खेळाडूस २०,००० भरून एकूण ७०,००० च्या राशीवर हक्क सांगायचा आहे. म्हणजे सातांपैकी किमान दोन वेळा तो जिंकत असेल, तरच पैसे भरणे तोट्याचे ठरत नाही.

बदामाची १० पाने अद्याप दिसलेली नाहीत. त्यांच्या ४५ जोड्या होतात. सावध माणूस त्यांपैकी निम्म्याहून कमी, समजा २० जोड्या खेळेल. दश्शी, सत्ती, तिर्री आणि दुर्री यांच्या लहान तिकड्यांच्या जोड्या १२ होतात. त्यांतील निदान ८ जोड्यांवर तो याच रीतीने २०,००० लावणारा असेल, तर हिशेब २८ पैकी ८, म्हणजे बरोबर सातांत दोन असा जुळतो. परंतु तिसरे बदाम टेबलावर आल्यावर लहान तिकडी घेऊन पुढाकार घेणे सावध माणसाच्या स्वभावात बसत नाही. तेव्हा राण्या खाली ठेवणे हेच योग्य. समोर बेफिकीर, सतत हूल देणारा खेळाडू असता, तर त्याच पानांवर पैसे भरणे योग्य ठरले असते. पाने तीच, रक्कम तीच. निर्णय ठरतो समोरच्या माणसाच्या पारखीवर.

या हिशेबात एक आकडा कोठेही आला नाही: राशीत खेळाडूने आधी किती पैसे घातले. ते पैसे आता त्याचे उरलेले नाहीत. अर्थशास्त्रात यास बुडीत खर्च म्हणतात. लाभाच्या आनंदापेक्षा तोट्याचे दुःख माणसास अधिक जाणवते, हे डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडले. तोटा मान्य करण्याचे टाळण्यासाठीच माणूस आणखी पैसे ओततो. बंद पडत चाललेल्या धंद्यात घातलेले नवे कर्ज, किंवा 'घेतलेल्या भावाला आला की विकू' म्हणून वर्षानुवर्षे धरून ठेवलेले समभाग, ही याच वृत्तीची रूपे होत.

पुरंदरचा धडा

जयपूरहून सीकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर चौमूं हे गाव लागते. आमेरच्या दरबारातील मातब्बर नाथावत कछवाह सरदारांचे ते ठिकाण. त्याच आमेरचे मिर्झाराजे जयसिंह १६६५ मध्ये औरंगजेबाची प्रचंड फौज घेऊन दख्खनेत उतरले आणि त्यांनी पुरंदरला वेढा घातला. आदल्याच वर्षी सुरतेवर छापा घालणाऱ्या शिवाजी महाराजांचा हात त्या वेळी दुबळा मुळीच नव्हता. मुरारबाजी देशपांडे यांनी पराक्रमाची शर्थ करून देह ठेवला होता. त्या बलिदानानंतर माघार घेणे किती जड गेले असेल, याची कल्पनाच करावी. तरीही महाराजांनी समोरच्या सेनापतीचे बळ आणि त्याचा स्वभाव ओळखला. जून १६६५ च्या तहात २३ किल्ले आणि ४ लक्ष होनांचा मुलूख सोडला. १२ किल्ले व १ लक्ष होनांचा मुलूख राखला. जे राखले, त्यातूनच पुढचे राज्य उभे राहिले. १६७० मध्ये सिंहगड आणि पाठोपाठ पुरंदर स्वराज्यात परत आले.

अर्थात इतिहासाची आणि जुगाराची तुलना येथेच थांबते. महाराजांसमोर रयतेचे प्राण होते. खेळाडूसमोर केवळ चकत्या असतात.

न उलगडणारे पान

फोल्ड करण्यातील सर्वांत बोचरी गोष्ट अशी, की प्रतिस्पर्ध्याच्या हाती काय होते हे पुढे कळतच नाही. त्याच्यावर पाने दाखवण्याचे बंधन नसते. कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यासही हाच अनुभव येतो. नाकारलेले कर्ज कधी थकत नाही. त्यामुळे तो नकार रास्त होता की अतिसावध, याचा पुरावा कोणत्याही ताळेबंदात मिळत नाही. म्हणून अशा निर्णयाची पारख निकालावरून करता येत नाही. त्या क्षणी उपलब्ध असलेली माहिती आणि केलेला हिशेब यांवरूनच ती करावी लागते.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. प्रत्येक मोठ्या रकमेपुढे पाने टाकणारा खेळाडू हूल देणाऱ्यांचे हक्काचे सावज बनतो, आणि प्रत्येक अर्जावर नकार लिहिणारी शाखा चालत नाही. भीतीने सोडणे आणि हिशेबाने सोडणे बाहेरून सारखेच दिसते. फरक फक्त सोडणाऱ्यास ठाऊक असतो.

रोख पोकरमध्ये प्रत्येक मोठ्या राशीतून कॅसिनो आपला हिस्सा कापून घेतो. त्यामुळे दीर्घकाळात सर्व खेळाडू मिळून तोट्यातच राहतात. घरखर्चाच्या पैशांनी तेथे बसण्यापूर्वीच डाव सोडणे हा सर्वांत स्वस्त फोल्ड होय. उरलेली विद्या टेबलाबाहेर उपयोगी पडावी. एखादी गुंतवणूक, एखादा व्यवसाय किंवा एखादा सौदा पुढे न्यावा की नाही, असा प्रश्न पडेल तेव्हा आजवर किती घातले हे क्षणभर विसरावे आणि एवढेच विचारावे: आज हाती एवढीच रक्कम असती, तर ती नव्याने येथेच लावली असती काय?