बटण चुकीचं दाबलं तर?

मेडिकल डिव्हाइस डिझाइन करायचंय? मग ‘चाललं!’ म्हणून टाळ्या पिटण्याआधी ‘चुकलं तर काय होईल?’ हे विचारायला शिका. कारण पलीकडे पेशंट असतो.

फायनल इयरचा प्रोजेक्ट. कुणी हार्टरेट मोजणारा बँड बनवतं, कुणी सलाइन संपत आली की वाजणारा अलार्म, कुणी स्वस्तातला इन्फ्युजन पंप. सर्किट चालतं, ॲपवर आकडे दिसतात, डेमो झकास होतो. बाहेरून आलेले परीक्षक फार तर विचारतात, ‘ॲक्युरसी किती?’

पण तेच डिव्हाइस वॉर्डात गेलं की प्रश्न बदलतात. सेन्सर निसटला तर? मध्यरात्री बॅटरी संपली तर? नर्सने घाईत १० ऐवजी १०० टाइप केलं तर?

या सगळ्या ‘तर’ची उत्तरं डिझाइन करतानाच शोधायची, याला म्हणतात रिस्क मॅनेजमेंट. ते नीट झालं नाही तर काय होतं, हे ‘थेरॅक-२५’ नावाच्या एका मशीनने जगाला दाखवलं.

आठ सेकंदांचा घोळ

थेरॅक-२५ हे कॅन्सरच्या पेशंटना रेडिएशन देणारं मशीन. कॅनडाच्या ‘ॲटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड’ या सरकारी कंपनीने बनवलेलं. अमेरिका आणि कॅनडात मिळून अशी ११ मशीन्स बसवली होती. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात त्यांच्यावर सहा पेशंटना प्रमाणाबाहेर रेडिएशन मिळालं. त्यातले निदान तिघं त्यामुळे दगावले.

मार्च १९८६. टेक्सासमधलं टायलर शहर. ऑपरेटरला इलेक्ट्रॉनसाठी ‘ई’ टाइप करायचं होतं, सवयीने ‘एक्स’ दाबलं गेलं. म्हणजे एक्स-रे. तिच्या लगेच लक्षात आलं. कर्सर वर नेऊन तिने ते दुरुस्त केलं. स्क्रीनवर सगळं बरोबर दिसत होतं.

पण मशीनमधले मॅग्नेट सेट व्हायला साधारण आठ सेकंद लागायचे आणि तेवढ्या वेळात केलेली दुरुस्ती सॉफ्टवेअरच्या एका भागापर्यंत पोहोचायचीच नाही. एक्स-रेसाठी लागतो तो कितीतरी पट तीव्र झोत सुटला. एरवी त्याच्या वाटेत येणारं धातूचं टार्गेट मात्र जागेवर नव्हतं. झोत थेट पेशंटच्या अंगावर.

स्क्रीनवर काय आलं? ‘मालफंक्शन ५४’. याचा अर्थ ऑपरेटरच्या मॅन्युअलमध्ये दिलेलाच नव्हता. वर मशीन सांगत होतं की डोस कमी पडलाय! २०२ युनिट हवे होते, दिसत होते फक्त ६. असले मेसेज नेहमीचेच होते. ‘पी’ दाबलं की काम पुढे सुरू. तिने ‘पी’ दाबलं. पेशंटला दुसरा झटका बसला. पाच महिन्यांनी तो गेला.

तीन आठवड्यांनी तिथेच दुसऱ्या पेशंटबाबत हेच घडलं. मग हॉस्पिटलचा फिजिसिस्ट आणि तीच ऑपरेटर मशीनपुढे बसले. पुन्हा पुन्हा टाइप करून त्यांनी घोळ शोधून काढला. दुरुस्ती झटपट केली, तरच चूक व्हायची. म्हणजे ऑपरेटर जितकी सराईत, तितका धोका जास्त!

फ्यूज उडायचा, जीव वाचायचा

आधीच्या थेरॅक-२० मॉडेलमध्येही हाच दोष होता. युनिव्हर्सिटी ऑफ शिकागोत नवीन विद्यार्थ्यांची बॅच त्या मशीनवर शिकायला आली, की फ्यूज उडायचे. पोरं वाटेल ती बटणं दाबायची. पण पेशंटला इजा नाही. कारण त्या मॉडेलमध्ये सॉफ्टवेअर चुकलं तरी मशीन रोखणारे वेगळे हार्डवेअर इंटरलॉक होते.

थेरॅक-२५ मध्ये ते काढून टाकले. सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर. कंपनीने १९८३ मध्ये सेफ्टी ॲनालिसिस केलं होतं, पण त्यात कोडमधल्या चुका धरल्याच नव्हत्या. फाइल होती, खरा धोका मात्र फाइलबाहेर राहिला.

स्टिकर सगळ्यात शेवटी

आज या कामासाठी ‘आयएसओ १४९७१’ हे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे. त्यात रिस्क म्हणजे दोन गोष्टींचा मेळ: इजा होण्याची शक्यता किती आणि झाली तर ती किती गंभीर. ती कमी करण्याच्या उपायांनाही क्रम आहे.

पहिला उपाय, चूक होऊच शकणार नाही असं डिझाइन. भूल देण्याच्या मशीनला लावायचे छोटे गॅस सिलिंडर बघा. ऑक्सिजन आणि नायट्रस ऑक्साइडसाठी पिनांच्या जागा वेगळ्या असतात. चुकीचा सिलिंडर बसतच नाही.

ते जमत नसेल, तर संरक्षण: नळीत हवेचा बुडबुडा आला की इन्फ्युजन पंपने स्वतःच थांबायचं. आणि सगळ्यात शेवटी लेबल, मॅन्युअल, ट्रेनिंग. आपण नेमकं उलट करतो. आधी ‘सावधान’चं स्टिकर चिकटवतो.

शिवाय एका उपायातून नवा धोका उभा राहत नाही ना, हेही बघावं लागतं. अलार्म सतत कोकलत राहिला, की लोक तो बंद करून टाकतात.

तुमच्या प्रोजेक्टचं काय?

भारतात मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ हे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. धोक्यानुसार ए ते डी असे चार वर्ग. ड्रेसिंगचा कापूस ए, थर्मामीटर बी, हृदयाचा व्हॉल्व्ह डी. ए आणि बी वर्गातल्या वस्तू इथे बनवायच्या तर परवाना राज्याकडून, सी आणि डीसाठी केंद्राकडून. त्यामुळे उद्या स्टार्टअप काढायचं ठरवलंत, तर रिस्कची फाइल लागणारच. मग आत्ताच सवय लावून घ्या की.

एक एक्सेल शीट उघडा. रकाने असे: काय बिघडू शकतं, कशामुळे, कुणाला इजा होईल, किती गंभीर, उपाय काय, तो चालतो हे कसं तपासलं. मग डिव्हाइस वापरणाऱ्या माणसाला भेटा. शक्य असेल तर परवानगी काढून एखादी नाइट शिफ्ट वॉर्डात बसा. एका नर्सकडे किती पेशंट असतात, ग्लोव्हज घातलेल्या बोटांनी बटण कसं दाबलं जातं, हे लॅबमध्ये बसून कळत नाही.

आणि त्या शीटमध्ये ‘युजरची चूक’ असं लिहून मोकळे होऊ नका. माणूस दमणार, घाई करणार, चुकणार. ते धरूनच डिझाइन करायचं असतं. टायलरच्या ऑपरेटरने टायपिंगची चूक केली होती आणि ती सुधारलीही होती. मशीनला ते कळायला हवं होतं.