देहाने थोर, स्वभावाने गरीब

कुत्रा जितका मोठा तितका तो भयंकर, अशी आपली एक समजूत असते. वस्तुस्थिती पुष्कळदा उलट असते. सेंट बर्नार्ड ही जात पाहा. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ६५ ते ८० किलो, म्हणजे एखाद्या धडधाकट माणसाइतके. पण स्वभाव गायीसारखा गरीब. या स्वभावाला भुलून आपल्याकडेही हौशी मंडळी हा कुत्रा पाळतात. माझे म्हणणे एवढेच, की हा गरीबपणा फुकट मिळत नाही. त्याची किंमत घरातल्या माणसांनी रोज मोजावी लागते.

या कुत्र्याचे मूळ घर आल्प्स पर्वतात आहे. स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेजवळ २,४६९ मीटर उंचीवर ग्रेट सेंट बर्नार्ड नावाची खिंड आहे. अकराव्या शतकात बर्नार्ड नावाच्या ख्रिस्ती साधूने तेथे वाटसरूंसाठी धर्मशाळा स्थापन केली. तेथील मठवासीयांनी सतराव्या शतकाच्या सुमारास हे कुत्रे पाळावयास घेतले. आधी राखणीसाठी, पुढे बर्फात वाट शोधण्यासाठी आणि गाडल्या गेलेल्या प्रवाशांना वासावरून हुडकण्यासाठी. त्यांपैकी बॅरी नावाच्या कुत्र्याने (१८००-१८१४) चाळीसहून अधिक माणसांचे प्राण वाचविले, असे सांगतात. त्याचे जतन केलेले शरीर बर्नच्या संग्रहालयात आहे. गळ्यात ब्रँडीचे पिंप अडकविलेला कुत्रा मात्र १८२० साली लँडसीअर या इंग्रज चित्रकाराने रंगविला आणि चित्रातले पिंप लोकांच्या मनात कायमचे बसले!

सांगण्याचा मुद्दा असा, की हा देह बर्फासाठी घडलेला आहे. माणसासारखा सर्वांगाला घाम कुत्र्याला येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा थंड होण्याचा मुख्य मार्ग. त्यातून वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग कमी, आणि वर दाट केसांची घोंगडी. माझ्या मामांकडे पुण्यात असा एक कुत्रा होता. चैत्र-वैशाखात तो दिवसभर न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पडून असे, आणि घरातल्यांच्या आंघोळी त्याच्या सवडीने होत. त्याला फिरायला न्यायचे ते उजाडण्यापूर्वी किंवा रात्री. डांबरी रस्त्यावर आधी आपल्या हाताची पाठ टेकवून पाहावी. आपल्याला चटका बसला तर त्याच्याही पंजांना बसणारच. ज्या घरात सावली, पंखा आणि मुबलक पाणी नाही, तेथे हा कुत्रा आणणे हा निव्वळ अत्याचार आहे.

दुसरी गोष्ट आहाराची. मोठ्या जातीचे पिल्लू वर्ष-दीड वर्ष झपाट्याने वाढत असते. 'खाऊ द्या, अंग धरील' म्हणून त्याला ठासून खाऊ घातले किंवा मनाने कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, तर हाडे आणि सांधे बिघडतात. मोठ्या कुत्र्याला एकदम पोटभर न घालता दोन-तीन वेळा थोडे थोडे द्यावे, आणि जेवणानंतर पळवू नये. छाती खोल असलेल्या या जातींत पोट फुगून जठराला पीळ पडण्याचा धोका असतो. पोट ताठले, ओकाऱ्या येऊनही काही पडेना, जनावर अस्वस्थ झाले, की सकाळची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा. अशा वेळी काही तासांत प्राण जातो.

तिसरी गोष्ट वळणाची. दोन महिन्यांचे पिल्लू अंगावर उडी मारते तेव्हा सर्वांना कौतुक वाटते. तीच उडी वर्षाने आजीला जमिनीवर पाडते, आणि तिला मारण्याचा त्याचा मुळीच हेतू नसतो! म्हणून बसणे, थांबणे, दोरीला हिसका न देणे हे लहानपणीच शिकवावे लागते. लहान मुले आणि कुत्रा कितीही जिवलग असोत, जवळ एक मोठे माणूस हवेच.

आणि शेवटची, सर्वांत जड गोष्ट. या कुत्र्याचे आयुष्य साधारण ८ ते १० वर्षांचे. मूल पहिलीत असताना आणलेला सोबती बहुधा ते मॅट्रिकला बसण्यापूर्वीच जातो. मामांच्या घरी तसेच झाले. हे ठाऊक असूनही ज्यांना तो हवासा वाटतो, ज्यांच्यापाशी जागा, पैसा आणि मुख्य म्हणजे वेळ आहे, त्यांनी तो अवश्य पाळावा. इतरांना आपल्या गल्लीतले गावठी पिल्लू आहेच. ते आपल्या उन्हाला सरावलेले असते, आणि मायेत कोणाला हार जात नाही.