संगणक बंद, कार्ड जागं

व्हीएफएक्स स्टुडिओ, शेअर दलालांची दालनं, नियंत्रण कक्ष अशा ठिकाणी काही टेबलांवर फक्त मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि एक छोटी डबी असते. तापणारं, घरघरणारं वर्कस्टेशन असतं लांबच्या कुलूपबंद सर्व्हर रूममध्ये. या दोन टोकांना जोडणारं, वर्कस्टेशनमध्ये बसवलेलं होस्ट कार्ड ज्या पीसीओआयपी तंत्रावर चालतं, ते कॅनडातल्या टेराडिची कंपनीचं. कंपनी २००४ सालची. २०२१ मध्ये ती एचपीने घेतली.

काम सांगायला सोपं आहे. ग्राफिक्स कार्डातून निघालेलं चित्र आखूड डिस्प्लेपोर्ट केबलने या कार्डात येतं. त्यावरची चिप ते दाबून लहान करते, कूटबद्ध करते आणि स्वतःच्याच लॅन पोर्टातून पाठवते. उलट दिशेने कीबोर्ड-माउसच्या हालचाली येतात. वर्कस्टेशनला त्या साध्या यूएसबी कंट्रोलरकडून आल्यासारख्या वाटतात. सगळं हार्डवेअरमध्येच घडत असल्यामुळे विंडोज सुरू होण्याआधीचा बायोसही दूरवर दिसतो. तारेवरून जातात ती फक्त चित्रं आणि इशारे. मूळ फाइल जागची हलत नाही. प्रदर्शनापूर्वीचा चित्रपट सांभाळणाऱ्यांना याहून मोठा दिलासा कोणता?

माझ्या मते या कार्डाचं खरं मोल त्याच्या वीजजोडणीत आहे. त्याला एसएमपीएसची वेगळी वायर लागत नाही. पीसीआय एक्सप्रेसच्या छोट्या खाचेतूनच वीज मिळते. संगणक बंद असतानाही या खाचेत ३.३ व्होल्टची स्टँडबाय लाइन चालू राहू शकते, आणि दुरून संगणक सुरू करण्याची सोय तिच्यावरच उभी आहे. म्हणून कार्ड बसवताना नुसतं शटडाउन पुरत नाही. पॉवर कॉर्ड उपसावी, मदरबोर्डवरचा दिवा विझेपर्यंत थांबावं, मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधावा आणि मगच कार्ड खाचेत सरळ दाबून स्क्रू आवळावा.

पुढची पायरी घाईत हमखास राहते. पॉवर बटणाची बारीक केबल कार्डातून मदरबोर्डपर्यंत न्यावी लागते. ती नसेल तर गोठलेलं वर्कस्टेशन दुरून बंद करता येत नाही. रात्री दोन वाजता कुणालातरी सर्व्हर रूमची किल्ली शोधावी लागते. बायोसमध्येही एक अडसर असतो. ‘ईआरपी’ किंवा ‘डीप स्लीप’ नावाची वीजबचत चालू असेल, तर शटडाउननंतर खाचेची स्टँडबाय वीजच तुटते आणि कार्ड मुकं होतं. वीजबचत चांगलीच, पण या यंत्रापुरती ती बंद ठेवावी. वीज जाऊन परत आल्यावर संगणकाने काय करायचं, तेही बायोसमध्येच ठरवून टाकावं.

मग कॉर्ड लावावी आणि संगणक सुरू न करताच कार्डाच्या लॅन पोर्टाचा दिवा पाहावा. तो लागला, की टेबलावर जाऊन तिथूनच वर्कस्टेशन सुरू करावं, बंद करावं, पुन्हा सुरू करावं. हे जमल्याशिवाय कॅबिनेट रॅकमध्ये सरकवू नये.