घर विकताय? आधी ट्रंक उघडा!

घर विकायचं ठरलं की आपण आधी रंगारी बोलावतो. मैत्रिणींनो, त्याआधी कागदांची ट्रंक उघडा! महिला मंडळाच्या कामात मी नेहमी पाहते, व्यवहार अडतो तो भिंतींमुळे नाही, कागदांमुळे.

मालमत्ता पत्रकावर नाव कुणाचं आहे, ते बघा. पुष्कळदा तिथं अजून सासऱ्यांचंच नाव असतं. मग वारसनोंद करून घ्या. घरपट्टी, पाणीपट्टी, लाईटबिलाच्या पावत्या एका फायलीत लावा. कर्ज फिटलं असेल तर बोजा उतरवून घ्या. ओल दुरुस्त करा, रंगाखाली लपवू नका.

आता नाजूक गोष्ट. हिंदू वारसा कायद्यात 2005 साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. सासऱ्यांचं स्वतःचं घर असेल, मृत्युपत्र नसेल, तरी नणंदा वारस असतातच. राखीपौर्णिमेला आलेल्या नणंदेसमोर घाईघाईत हक्कसोडपत्र ठेवू नका. कागद तिला वाचून दाखवा, हिस्सा हवा असेल तर मोकळेपणी बोला. अहो, माहेरी आपणही कुणाची तरी नणंदच ना!

आणि पैसे? घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेता येत नाही, इसारसुद्धा! चेकनंच घ्या. घर तुमच्या नावावर असेल तर चेकही तुमच्याच नावाचा हवा. ‘इथं सही कर’ म्हटलं की लगेच पेन उचलू नका. आधी वाचा, मग सही!