थंडीतलं बिल बादलीत असतं

नाशिकला डिसेंबरात गच्चीवरच्या टाकीचं पाणी पहाटे हाताला झोंबतं. ते समजा 15 अंशांवर आहे. 20 लिटरची बादली 45 अंशांपर्यंत तापवायला सुमारे 0.7 युनिट वीज लागते. मे महिन्यात तेच पाणी 30 अंशांवर असतं, म्हणजे निम्म्यात काम! चौघांच्या घरात थंडीतल्या आंघोळीच महिन्याला 84 युनिट खातात. त्यात 100 युनिटच्या पुढे दराचा टप्पा बदलतो, आणि बिल खरं तिथेच उडी मारतं. गिझर चालू करून मीटरचा लाल दिवा बघाच, किती भराभर लुकलुकतो! गॅसवर पाणी तापवत असाल तर पातेल्यावर झाकण हवंच. वाफेबरोबर बरीच उष्णता निघून जाते.